सरांना कळू द्यायचं नाही

आमच्या सरांना कॅन्सर झालाय ही बातमी नगरमध्ये कॉलेजच्या शिपायापासून माळीवाड्यातल्या फुलवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. फक्त सरांना कळू द्यायची नव्हती. आणि सर कोण, तर कॅन्सर म्हणजे नेमकं काय हे जिल्ह्यात ज्यांना धड कळत होतं अशा दोन-चार माणसांतले एक. आता बोला.

मी त्यांच्या हाताखाली झूलॉजीची डेमॉन्स्ट्रेटर होते. म्हणजे पोरांना बेडकं वाटायची, फॉर्मॅलीनच्या बरण्या पुसायच्या आणि उरलेल्या वेळात सरांची बोलणी खायची. सरांची तऱ्हा उलटी होती. खूश असले की समोरच्याला ‘अरे गाढवा’ म्हणत आणि चिडले की अहो-जाहो करत. ‘आपण फार विद्वान दिसता, बसून घ्या’ असं ऐकलं की पोराला घाम फुटायचा. मला ते ‘बाई’ म्हणत, त्यामुळे माझ्यावर खूश आहेत की चिडलेत हे मला नोकरीभर कळलं नाही. लॅबकोटाच्या एका खिशात भाजलेले शेंगदाणे, दुसऱ्यात चिमटे आणि कात्र्या, आणि घाईत असले की सगळं एकाच खिशात. त्याच हातानं दाणे पुढे करायचे. नको म्हटलं तर म्हणायचे, ‘‘बाई, फॉर्मॅलीननं प्रेत टिकतं, तुम्ही का नाही टिकणार?’’ मी खात असे. टिकले आहे.

आजारी माणसाला आजाराचं नाव सांगायचं नाही ही आपल्याकडची जुनी रीत. कॅन्सरला तर घरातसुद्धा नाव नसे, ‘ते’ म्हणायचे आणि मान हलवायची. सरांना या रितीची भयंकर चीड. ‘ज्याचं शरीर त्याला सांगा’ हा त्यांचा मंत्र. एकदा शेजारच्या म्हाताऱ्याला घरच्यांनी आम्लपित्त म्हणून सांगून ठेवलं होतं. सर समाचाराला गेले, पलंगावर बसले, जठराचं चित्र काढून म्हाताऱ्याला सगळं नीट समजावून आले. त्या घरानं पुढे संक्रांतीला सरांकडे तिळगूळ पाठवला नाही. म्हातारा मात्र खूश होता. त्यानं जमिनीची वाटणी करून टाकली, जावयाला तोंडावर काय म्हणायचं ते म्हणून घेतलं आणि मगच गेला.

शिकवायचे कसे, तेही सांगते. शरीराच्या प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतात, पण त्यातली कुठली कामाला लावायची आणि कुठली गप्प बसवायची याची काहीतरी व्यवस्था असते, ही गोष्ट त्या काळी नवीकोरी होती. आमच्या पुस्तकात तिला जेमतेम पानभर जागा. सर त्या पानासाठी सगळा वर्ग रविवारी एस.टी.त घालून पारनेरच्या वाटेला आपल्या भावाच्या मळ्यात घेऊन जात. विहिरीवर इंजिन सुरू करायचं, आणि पोरांच्या हातात फावडी देऊन दारं धरायला लावायचं. म्हणजे एका वाफ्याचं तोंड मातीनं बुजवायचं, पुढच्याचं उघडायचं, तो भरला की त्याच्या पुढचा.

सर बांधावर उभे राहून ओरडायचे, ‘‘डोळ्याच्या पेशीत नखाचं जनुक असतं की नाही? असतं. मग तुमच्या डोळ्यांना नखं का येत नाहीत गाढवांनो? कारण तिथलं दार बंद आहे. बी सगळीकडे तेच. पाणी कुणाला, हे दार धरणारा ठरवतो. जनुकाचं कौतुक करू नका, दार धरणाऱ्याचं करा.’’

एका खेपेला नगर शहरातलं एक गोरंगोमटं पोर फावड्याला टेकून उभ्या उभ्या पेंगलं. दार फुटलं आणि पाणी बांध ओलांडून शेजाऱ्याच्या कांद्याच्या रोपात शिरलं. शेजारी धोतर सावरत आला.

‘‘ओ मास्तर, कुठून आनलीत ही पोरं? माझ्या रोपात घोट्याएवढं पानी झालं की.’’

सरांचा चेहरा आनंदानं फुलला. त्यांनी सगळ्या वर्गाला त्याच्या वाफ्याभोवती गोळा केलं. ‘‘बघा, नीट बघून घ्या. दार धरणारा झोपला. हा कॅन्सर.’’

‘‘आसंल,’’ शेजारी म्हणाला. ‘‘पन माजं रोप लई नाजूक हाय, त्याचं काय?’’

सरांनी भावाला न विचारता भावाचं रोप उपटून त्याला दिलं. भाऊ त्यानंतर वर्ग येणार म्हटलं की इंजिनाचं हँडल लपवून ठेवायचा.

तर या माणसाच्या मानेत गाठ आली. डावीकडे, कानाच्या खाली. काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, मागे लागून लागून त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर सरांचाच विद्यार्थी. प्रॅक्टिकलला बेडकाची नस कापून बसलेला आणि सरांनी ढकलत ढकलत पास केलेला. त्यानं गाठ काढली, पुण्याला तपासायला धाडली, आणि रिपोर्ट आला तो काकूंना बाजूला घेऊन सांगितला. लिम्फच्या गाठींचा कॅन्सर. दिवाळी काढली तर पुष्कळ. सरांना सांगितलं, ‘‘साधी सूज आहे सर, पुण्याला थोडा विजेचा शेक घ्यावा लागेल.’’

काकू म्हणजे अगदी साधी बाई. त्यांना खोटं बोलता येत नसे. खोटं बोलल्या की लगेच आत जाऊन भांडी घासायला लागायच्या, घासलेलीसुद्धा. त्यांनी मला बोलावून सांगितलं, ‘‘हे बघ, त्यांना कळता कामा नये. कळलं की ते हाय खातील. तू कॉलेजात सगळ्यांना बजाव.’’ सर आणि हाय खाणार. पण त्यांच्या डोळ्यांकडे बघून मी ‘हो’ म्हटलं आणि कॉलेजात एकेकाला शपथ घालून सांगितलं. तिथून पुढे ते फुलवाल्यापर्यंत कसं गेलं हे नगरच्या माणसाला सांगायला नको.

डॉक्टरचा मात्र रिपोर्टावर विश्वास बसेना. त्यानं पुण्याहून काचपट्टी मागवून घेतली आणि एका दुपारी आमच्या लॅबमध्ये आला, कारण गावातला सगळ्यात चांगला मायक्रोस्कोप आमच्याकडे होता. सर वर्गावर आहेत हे बघून आला होता. आम्ही दोघं डोळा लावून बसलो आणि पाच मिनिटांत सर दारात. पोरं मठ्ठ आहेत म्हणून वर्ग सोडून दिला होता.

‘‘काय रे गाढवा, काय बघतोस? सरक.’’

डॉक्टर सरकला. करतो काय. सर स्टुलावर बसले, चष्मा कपाळावर सारला आणि बघायला लागले. डॉक्टर खिडकीतून बाहेर बघत होता.

‘‘लिम्फ ग्रंथी,’’ सर म्हणाले. ‘‘सगळी रचना मोडलीय. कुणाची?’’

‘‘पारनेरचा एक शेतकरी आहे सर.’’

‘‘कुठली गाठ?’’

‘‘मानेतली.’’ हे बोलून गेल्यावर डॉक्टरला आपण काय बोललो ते कळलं. सरांच्या कॉलरवर बँडेजचा कोपरा दिसत होता.

सर पुन्हा वाकले. बराच वेळ स्क्रू मागेपुढे करत राहिले. मग विचारलं, ‘‘सांगितलंस त्याला?’’

‘‘नाही सर. त्याच्या घरचे म्हणतात, सांगू नका.’’

आता सर अहो-जाहोवर येणार, म्हणून मी बरण्यांच्या कपाटाशी जाऊन उभी राहिले. पण सर उठले, चष्मा खाली घेतला आणि म्हणाले, ‘‘मग नको सांगूस.’’ डॉक्टर काचपट्टी उचलून सायकलवर जो पळाला, तो थेट दवाखान्यात.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला दाणे दिले. म्हणाले, ‘‘बाई, पारनेरच्या शेतकऱ्याला नेमकी माझ्याच जागी गाठ, माझ्याच पंधरवड्यात. याला मी पास केला ही माझ्या आयुष्यातली मोठी चूक. असला डॉक्टर माझ्याच नशिबी यायचा होता.’’

रडू येत होतं आणि हसूही येत होतं. मी कसंबसं म्हटलं, ‘‘सर, मग काकूंना सांगून टाका की तुम्हाला कळलंय. तुम्हीच तर म्हणता, ज्याचं शरीर त्याला...’’

‘‘ज्याचं त्याला कळलंय. प्रश्न तिचा आहे.’’ सर कधी नव्हे ते हळू बोलत होते. ‘‘आपण नवऱ्याला सांभाळतोय या जोरावर ती उभी आहे. मला ठाऊक आहे हे कळलं, तर तिच्या हाताला कामच उरणार नाही, बसून जाईल ती. बाई, तिला कळू द्यायचं नाही. शपथ घालत नाही, माझा शपथेवर विश्वास नाही. पण बोललात तर अहो-जाहो करीन.’’

झालं. आता मी दोन्हीकडून बांधलेली. काकूंच्या शब्दाखातर सरांपासून लपवतेय असं दाखवायचं, आणि सरांच्या शब्दाखातर ते नाटक आहे हे काकूंपासून लपवायचं. बाकीचं नगर आपल्या परीनं गोंधळ घालत होतंच. जी पोरं कधी वर्गाला फिरकली नव्हती ती पुढच्या बाकावर येऊन बसायला लागली. चहावाला सरांना दूध जास्त घालायला लागला. आणि प्राचार्यांनी तर कळस केला. निवृत्तीला चांगली चार वर्षं असताना त्यांनी सरांचा सत्कार ठरवला. शाल, नारळ, सगळं. एकेक वक्ता उठायचा आणि गहिवरायचा. केमिस्ट्रीचे प्रमुख म्हणाले, ‘‘सर अत्यंत स्पष्टवक्ते होते,’’ आणि मग ‘आहेत’ म्हणायचं त्यांना सुचेना, नुसतं पाणी प्यायले. काकू पहिल्या रांगेत बसल्या होत्या, पांढऱ्याफटक.

सर उत्तराला उभे राहिले. मी देवाचा धावा करत होते, कारण असली संधी त्या माणसानं आयुष्यात कधी सोडली नव्हती. त्यांनी एकदा काकूंकडे पाहिलं. म्हणाले, ‘‘निवृत्ती जवळ आली की लोक उगाच हळवे होतात. मंडळींनी चार वर्षं आधीच हळवं होऊन घेतलं, उरक चांगला आहे. पण मी अजून पुष्कळ वर्षं तुमचं डोकं खाणार आहे. शाल उबदार आहे, नारळ नासका निघाला तर परत आणून देईन.’’ काकूंनी टाळ्या वाजवल्या. घरी गेल्यावर मला म्हणाल्या, ‘‘बघ, पत्ता लागला नाही त्यांना.’’

पुण्याला शेक घ्यायला सर एस.टी.नं जायचे. त्याच गाडीला भिंगारचे एक टेलर मास्टर असत. लष्करातल्या लोकांचे कपडे शिवायचे, साठीचे, दाढी मेंदीनं रंगवलेली. त्यांनाही तीच गाठ, तोच डॉक्टर, तोच शेक. आणि त्यांच्याही घरच्यांनी तेच सांगितलेलं, साधी सूज. माझं माहेर पुण्याचं, म्हणून एकदा मी बरोबर गेले. काकू आणि मास्टरांचा मुलगा मागच्या बाकावर बसून खाणाखुणा करत होते. पुढच्या बाकावर दोघे पेशंट. मी त्यांच्या शेजारी, गाडीच्या खडखडाटात कान लावून.

मास्टर म्हणाले, ‘‘सर, माझा पोरगा समजतो बापाला काय म्हाईत न्हाई. टेलर हाय मी. माझ्याच सदऱ्याचं माप दर महिन्याला आत घेतोय. सुजेनं मानूस बारीक होतो काय?’’

‘‘घरी बोललात?’’

‘‘कशाला? पोरगं रोज नवीन थाप शोधून आनतं. मेहनत हाय त्याची. वाया का घालवायची?’’

सर मोठ्यानं हसले. मागून काकूंनी काळजीनं विचारलं, ‘‘काय झालं हो?’’ सर म्हणाले, ‘‘मास्टर म्हणतात, माझा कोट बिघडवलाय शिंप्यानं.’’ त्या दिवसापासून दोघांची जोडी जमली. सुप्याला गाडी थांबली की दोघं खाली उतरून भजी खायचे, आणि तिथे उभ्यानं आपल्या रोगाविषयी मोकळेपणी बोलायचे. त्यांना बोलायला तेवढीच जागा होती.

सरांनी डॉक्टरकडून मास्टरांचीही काचपट्टी मागून घेतली. सरांनी आपली थाप ओळखलीय हे कळल्यापासून डॉक्टरनं लाजायचं सोडून दिलं होतं. दोन मायक्रोस्कोपांखाली दोन पट्ट्या ठेवून सरांनी मला बोलावलं. ‘‘ओळखा बाई, माझी कुठली, मास्टरांची कुठली.’’

मी या डोळ्यानं पाहिलं, त्या डोळ्यानं पाहिलं. काही फरक दिसेना. तेच वेडेवाकडे गोळे, तीच दाटी.

‘‘मलाही येत नाही ओळखता,’’ सर म्हणाले.

पुढच्या उन्हाळ्यात दुष्काळ लागला. सरांच्या भावाची विहीर आटली, पोरांची दारं धरायची सहल बंद पडली. आणि त्याच उन्हाळ्यात मास्टर गेले. दिवाळी काढली, पण फार ओढत. इकडे सरांची मान चांगली सपाट, अंगावर मांस धरलेलं, तोंड पूर्ववत सुरू. गावाला कोडं पडलं. डॉक्टर म्हणाला शेक लागू पडला, पण शेक तर दोघांनी घेतला होता. स्टाफरूममध्ये म्हणायचे, यमदूत आला होता पण सरांनी त्याला अहो-जाहो केलं. काकूंनी मोहट्याच्या देवीला नवस बोलला होता, तो पावला असं त्या म्हणायच्या. पण मास्टरांच्या बायकोला भेटून आल्या आणि माझ्यापाशी येऊन बसल्या. ‘‘तिनंही दर्ग्याला चादर बोलली होती गं. माझ्यापेक्षा जास्त उपास केले तिनं. मग?’’ मला फार वाईट वाटलं.

मास्टरांच्या मयतीला जाऊन आल्यावर सरांनी वर्ग घेतला. कॅन्सरचाच भाग होता. पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, ‘‘सर, रोग तोच, उपचार तेच, मग एक वाचतो आणि एक जातो, असं का?’’ बिचारीला काही ठाऊक नव्हतं, परगावची होती. सगळा वर्ग तिच्याकडे डोळे वटारून बघायला लागला.

सर म्हणाले, ‘‘ठाऊक नाही.’’

हे शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. मग म्हणाले, ‘‘मायक्रोस्कोपात वाफे दिसतात. कुठलं दार उघडं, कुठलं बंद, ते दिसत नाही. दोघांचा रोग आपल्याला सारखा दिसतो, पण आत बहुतेक वेगळीच दारं फुटलेली असणार. एकाचा दार धरणारा पार मेलेला, दुसऱ्याचा अधूनमधून डोळे उघडतोय. एक दिवस ते दिसेल आणि मग डॉक्टर आधीच सांगतील, याला हे औषध, त्याला ते. आज नाही सांगता येत. आणि तोवर जो म्हणेल मला कळतं, मग तो डॉक्टर असो की भगत, त्याला खुशाल माझ्याकडून गाढव म्हणा.’’ मग खिडकीशी जाऊन उभे राहिले. मास्टरांनी शिवलेला सदरा अंगात होता.

हल्ली खरंच तसलं काहीतरी निघालंय म्हणतात. गाठीतली कुठली जनुकं जागी आणि कुठली झोपलेली ते तपासून औषध ठरवतात. मला वाचून आनंद होतो आणि मग रागही येतो, कारण ज्याला सांगायला धावत जावं तो माणूस नाही.

नवस फेडायला काकूंना मोहट्याला जायचं होतं. सरांना काय सांगायचं म्हणून चार दिवस घरातली सगळी भांडी लखलखत होती. शेवटी म्हणाल्या, ‘‘सहजच जाऊन येऊ.’’ नवसाच्या नावानं ज्या माणसाचं डोकं फिरायचं, तो ‘‘बरं’’ म्हणाला. गडावर ओटीचं ताट त्यानं स्वतः वाहून नेलं. काकूंनी डोळे मिटून बराच वेळ हात जोडले, तोवर हा शेजारी उभा, खिशातले दाणे न खाता. मी पाहिलं आहे, मी बरोबर होते. ‘‘कशाचा नवस गं?’’ असं एका शब्दानं विचारलं नाही.

दुष्काळ सरला, त्यानंतरची एक दिवाळी झाली, आणि मग गाठ परत आली. पोटात. या वेळी भराभर गेलं सगळं. सर अंथरुणावर असताना काकू सांगायच्या, ‘‘उष्णता झालीय, सब्जा घ्या.’’ सर निमूट सब्जा प्यायचे. त्यांना किती दुखत होतं हे मला आणि डॉक्टरलाच ठाऊक. काकू स्वयंपाकघरात गेल्या की कण्हायचे, त्यांची पावलं वाजली की थांबायचे.

सर गेले त्याला आठवडा झाला असेल. मी आणि डॉक्टर भेटायला गेलो. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोळे कोरडे. सर गेल्यापासून रडल्याच नाहीत म्हणून नातेवाईक कुजबुजत होते. आम्हाला पाणी दिलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘‘तू रोजची त्यांच्याजवळची. खरं सांग मला. त्यांना कळलं होतं का गं?’’

डॉक्टरनं मान खाली घातली. ज्याचं त्याला सांगा, असं आयुष्यभर ओरडणाऱ्या माणसाच्या हाताखाली मी तयार झालेली. समोर त्याची बायको, खरं सांग म्हणतेय. काय करावं?

मी म्हटलं, ‘‘नाही काकू. तुम्ही कळू दिलंत कुठे?’’

‘‘नाही ना?’’ काकू म्हणाल्या. ‘‘एवढा हुशार माणूस, पण मी कळू दिलं नाही. रडूसुद्धा दिसू दिलं नाही कधी.’’

मग त्यांनी पदर तोंडाशी नेला आणि इतक्या वर्षांचं सगळं रडून घेतलं.